वाळेपर्यंत बोलायचं नाही

मिदेल्तच्या बाजारात घासूल मिळते,
वड्यावड्यांची तपकिरी माती.
मुलुयाच्या खोऱ्यातून पोत्यांत भरून येते
आणि खजुरांच्या शेजारी किलोवर विकली जाते.

त्या हिवाळ्यात माझ्या गालांवर मुरूम उठले
आणि सगळी गल्ली वैद्य झाली.
हद्दा म्हणाली, लसूण चोळ.
यामना म्हणाली, लिंबू.
लिंबाने अशी आग लागली
की मी अंगणातल्या बर्फात तोंड खुपसलं.
मामीने रात्री पुदिना वाटून लावला.
तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच:
सकाळी मुरूम होते तिथेच,
उशी तेवढी हिरवी.

आई सफरचंदांच्या गोदामात.
दिवसभर फळं निवडायची,
गुळगुळीत ती पेटीत, कासाब्लांकाला,
डागाळलेली टोपलीत, गुरांना.
संध्याकाळी येऊन माझी हनुवटी धरायची,
तोंड दिव्याकडे वळवायची.
मी श्वास रोखून उभी.
पेटी की टोपली.

एका गुरुवारी तिने स्वतःच घासूल भिजवली.
संत्र्याच्या फुलांचं पाणी, दोन चमचे दही,
मध मोजून, कारण मध महाग.
बोटांनी कालवत बसली, कालवतच बसली,
गुठळ्या मोडून कधीच्या संपल्या होत्या.
"डोळे मीट. आणि वाळेपर्यंत
बोलायचं नाही, हसायचं नाही.
तडा जातो."

गार माती कपाळावरून उतरत आली,
गालांवर, नाकाच्या कडेकडेने,
ओठ तेवढे सोडून.
शेगडीत कोळसा तडतडला.
मग तिने सांगितलं.

समुद्रापलीकडे, स्पेनमध्ये, स्ट्रॉबेरी तोडायच्या.
तीन महिने. सही झाली आहे.
"बायकाच घेतात. त्यातही
जिची पोरं मागे आहेत अशीच.
म्हणजे परत येते."
म्हणजे तारण मी होते.
मी आणि मोहा.

तोंड उघडता आलं असतं तर काय म्हणाले असते,
आज नक्की सांगता येत नाही.
वाईटच काहीतरी.
पण मातीने गाल ओढून धरले होते,
आणि ती सांगत राहिली,
पीठ कुठल्या डब्यात, गॅसची टाकी कोण आणेल,
मोहाच्या कानात थेंब किती वाजता.
हे सगळं तिने पाठ केलं असावं
फळं निवडता निवडता.

मोहा दारात उभा होता, एक मोजा पायात, एक हातात.
"इत्तोची भिंत झाली," तो म्हणाला.
आणि मला हसू आलं.
तेव्हा. हसूच.
नाकापासून जबड्यापर्यंत सरळ तडा.

"सांगितलं होतं ना," आई म्हणाली,
आणि कोमट पाण्याने धुवायला लागली.
तपकिरी पाणी तिने फेकलं नाही,
पुदिन्याच्या कुंडीत ओतलं.

फेब्रुवारीत बस गेली.
आमच्या वळणावर तेव्हा डांबर नव्हतं,
नुसता मुरूम पसरलेला.
चाकांखाली तो कितीतरी वेळ वाजत होता.
एकच शब्द, गालावर आणि रस्त्यावर.
दोन्हीकडे हात फिरवून पाहिला तर
खरखरीतच लागतो.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला.
"इथल्या फळाच्या तोंडभर ठिपके बघ, इत्तो.
कुणी बाजूला काढत नाही.
लाल झालं की पेटीत."
मग पाठीचं दुखणं, मग पावसाचं,
मग, "गाल कसे आहेत?"
"बरे आहेत," मी म्हटलं.
तीन नवे आले होते.

त्या रात्री उरलेली घासूल भिजवली.
मध हवा तेवढा घातला.
मोहाला म्हटलं, तूच लाव.
त्याने एक भुवई पूर्ण बुजवली,
कानातही थोडी गेली.
"आता बोलायचं नाही," तो म्हणाला,
आणि समोर मांडी घालून बसला,
आईसारखा, घसा खाकरून.
काय सांगायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं.
थोडा वेळ थांबला,
मग सातचा पाढा म्हणू लागला.
सात आठे चुकला.
मी दुरुस्त केला नाही.